दुसरा बार

“पोरी पयले नाईच म्हनतात जी. केळीचा घड टांगून ठेवला का आपोआप पिकतेच ना?”

हे बोलणं मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. समोर सूप होतं, सुपात वाळलेले झिंगे, आणि मी एकेका झिंग्याचं डोकं मोडून बाजूला टाकत होते. बाहेर छपरीत देवाजीभाऊ बसले होते. ते गावचे जुने सरपंच. आपल्या भाच्यासाठी, नितेशसाठी, माझ्या आत्येबहिणीला मागणी घालायला ते दुसऱ्यांदा आले होते. पहिल्या खेपेला करुणानं स्वतः पुढे येऊन नाही म्हणून सांगितलं होतं. आता आत्या काय बोलते म्हणून मी हात थांबवला. आत्यानं आधी त्यांच्यापुढे चहा सरकवला, बशी खडखडली, मग ती म्हणाली, “केळं असंल तं टांगा, भाऊ. माह्या घरी पोरगी हाये. तिनं नाई म्हनलं, मीबी नाई म्हनून राह्यली. चहा थंडा होते, प्या.” देवाजीभाऊ हसले. त्या हसण्यात राग नव्हता आणि मला तेच लागलं. हे सगळं चार दिवसांचं आहे, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आले होते. आम्ही चंद्रपूरचे. बाबा एका ऑफिसात कारकून, आई शिवणकाम करायची, आणि दोघांनी पोटाला चिमटा काढून मला पहिलीपासून इंग्रजी शाळेत घातलेलं. त्याचा एक परिणाम असा झाला की तोंडातून मराठी वाक्य बाहेर काढण्याआधी मी ते मनात दोनदा तपासायचे, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची. इंग्रजीतही फार बोलायचे असं नाही. चामोर्शीकडच्या आमच्या गावात गेले की बाया म्हणायच्या, “पंचफुलाबाईची भाची बोलत नाई, नुसती पायते.” ते खरंच होतं. न बोलणाऱ्या माणसाला लोक हळूहळू विसरतात आणि त्याच्यासमोर काहीही बोलतात, हे मला फार लवकर कळलं होतं.

आत्या बाबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर लहानग्या करुणाला घेऊन ती माहेरी परतली, आणि आजोबांच्या मागं जमीन तिनंच सांभाळली. कवेलूंचं घर, पुढं छपरी, मागं परसात अंबाडी आणि वालाचा मांडव. पहाटे मामा तलावाकडून, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाकडून, पाणकोंबड्यांचा आवाज यायचा, मग कुणाच्या तरी खळ्यात मळणीचं मशीन सुरू व्हायचं आणि दिवसभर त्याची घरघर कानात राहायची, इतकी की ती थांबली तरच लक्षात यायचं. नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून शहरात लोक नाक मुरडतात. आत्या तो मुद्दाम मऊ शिजवायची, त्यावर लाखोळीची डाळ, बाजूला अंबाडीची भाजी आणि झिंग्यांची तिखट चटणी. आज माझ्या घरी कुकर आहे, जुना तांदूळ आहे, सगळं आहे. पण त्या भाताचा वास हा शब्द लिहितानाही येतो, आणि त्या वासाच्या मागोमाग दारूचा वास येतो. प्यायच्या नव्हे, बंदुकीच्या दारूचा.

कारण आत्याकडे बंदूक होती. आजोबांची एकनळी, पीक राखण्यासाठी परवाना मिळालेली. गावात पूर्वी अशा चार होत्या. बाकीच्या तिघांनी निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केल्या आणि परत आणायची कटकट केली नाही. आत्या मात्र दर वेळी जमा करायची आणि दर वेळी जाऊन आणायची. आजोबांनंतर परवाना आपल्या नावावर करायला ती गडचिरोलीला किती खेपा गेली याची गंमत ती स्वतःच सांगायची. “तिथला बाबू म्हने, बाई, बंदूक कोन चालवंल? मी म्हनलं, डुकराले विचारून घ्या, त्याले मालूम हाये.” बुद्धांची तसबीर असलेल्या खोलीत ती बंदूक कधी नेत नसे. दुसऱ्या खोलीत, धानाच्या ढोल्यांमागे ती उभी असायची. संध्याकाळी तसबिरीसमोर मेणबत्ती लावून आम्ही तिघी पंचशील म्हणायचो. माझे उच्चार ऐकून करुणा हसू दाबायची. मेणबत्ती विझवली की आत्या पदर खोचून पलीकडे जायची आणि बंदूक पुसायला बसायची.

शेत जंगलाला लागून होतं. धान कापून पडलं की नाल्याकडून डुकरं यायची, आणि उन्हं कलती झाली की आत्या माळ्यावर चढायची. माळा म्हणजे चार बल्ल्यांवर बांधलेली फळकुटांची बैठक. त्या सुट्टीत मी रोज तिच्यासोबत असायचे. माझ्याकडे एकच काम होतं: काडतुसं सांभाळणं. मांडीवर फडकं, फडक्यात दोन काडतुसं. आत्या भरलेली बंदूक घेऊन कधी बसायची नाही. “मी मांगल्याबिगर देजो नको,” हा तिचा नियम होता आणि ती तो रोज नव्यानं सांगायची. डुक्कर दिसलं की ती हात मागं करायची, मी काडतूस द्यायचे, ती आभाळाकडे बार काढायची. बहुतेक वेळा तेवढ्यानंच काम व्हायचं. गावातही त्याचा अर्थ ठरलेला होता. एक बार म्हणजे पंचफुलाबाईच्या धानात डुक्कर; कुणी मानही वर करत नसे. पण लागोपाठ दुसरा बार झाला तर तो वाघ. मग हातात येईल ते घेऊन सगळ्यांनी धावायचं. असा दुसरा बार मी जन्मात ऐकला नव्हता.

आता नितेशबद्दल. त्याच्याबद्दल लिहायला घेतलं की माझं अक्षर आजही बारीक आणि ताठ होतं. त्याचं मळणीचं मशीन होतं. सुगीत ते ट्रॅक्टरमागं जोडून तो गावोगाव फिरायचा. दिसायला बरा, बोलायला गोड, बोटात किल्ली फिरवायची सवय. मला पाहिलं की कमरेत वाकून म्हणायचा, “गुड मॉर्निंग मॅडम, आमच्या गावात लाइट कमी हाये, सांभाळून चाला.” सगळे हसायचे. करुणा गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती. पहिल्या नकारानंतर तो तिच्या बसमध्ये चढायला लागला. शेजारी बसायचा नाही, मागच्या सीटवर बसायचा आणि तिच्या सीटच्या दांडीवर हात ठेवायचा. नुसता हात. दीड महिना. तिनं जागा बदलली की त्यानंही बदलायची. आत्या ठाण्यात जाऊन आली, त्याला बोलावून समज दिली गेली, आणि दुसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, “आत्या, गैरसमज झाला,” म्हणून. आत्यानं पुडा गायीपुढे टाकला. त्यानंतर करुणानं होस्टेलचं म्हणून जे सामान बांधलं होतं ते सोडून ठेवलं आणि कॉलेजला जाणं थांबवलं. “धान होऊ दे, मंग जाईन,” म्हणायची. मला ती असं म्हणताना पाहवत नव्हतं. तिची पांढरी साडी खुंटीवर लटकत होती, तिच्यावर धूळ बसत होती.

मी काही केलं नाही. मी पाहत राहिले आणि सगळं लक्षात ठेवत गेले. किल्ली, दांडीवरचा हात, पेढे, देवाजीभाऊंची केळी. एका पहाटे आमच्या वरच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, बांध कुणीतरी फोडला आणि कापून पसरलेल्या धानाच्या कडपा पाण्यात तरंगायला लागल्या. कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मळणीचं मशीन आमच्या दारावरून जाताना त्यानं नुसता हॉर्न वाजवला. मी उंबऱ्यात उभी होते. माझ्यासारख्या बुजऱ्या मुलीच्या मनात काय काय येऊ शकतं याची कुणालाच कल्पना नव्हती, आणि त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. लोक म्हणतात वयानं राग निवतो. माझा निवला नाही. तो फक्त शिस्तीत राहायला शिकला.

ती वेळ दुपारची, साडेतीन-चारची असेल. कापणीच्या बाया सुटून गावाकडे निघाल्या होत्या. ओल्या झालेल्या कडपा वाळवून पुन्हा बांधल्या होत्या आणि करुणा एकेक भारा डोक्यावरून खळ्याकडे नेत होती. आत्या आणि मी माळ्यावर. ऊन पिवळं झालं होतं, नाल्याकडे मोर ओरडत होता. आत्या सुपारी कातरत होती. करुणा बांधावर चढली, दोन्ही हात वर, डोक्यावरच्या भाऱ्याला धरलेले, भारा एवढा मोठा की तिचं तोंडही झाकलं गेलं होतं. आणि नाल्याच्या झुडपांतून नितेश बाहेर आला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. आधी मला वाटलं, तो लाकडं तोडायला आला असेल. आमच्याकडे कुऱ्हाड घेऊन चालणारा माणूस ही काही घाबरायची गोष्ट नव्हे. हे मी नेहमी सांगते, कारण लोक विचारतात की तू ओरडली का नाहीस. मी ओरडले नाही. मी पाहत राहिले, नेहमीसारखी, आणि तेवढ्यात त्यानं वार केला.

तो वार भाऱ्यावर बसला. कुऱ्हाड धानाच्या पेंढ्यांत रुतली आणि त्याच वारात भाऱ्याला धरलेल्या करुणाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ती बांधाच्या उतारावर पालथी पडली आणि भारा तिच्या अंगावर पडला. तिनं किंकाळी फोडली नाही. आश्चर्य वाटल्यासारखा “ओ माय” एवढाच आवाज आला. त्यानं पाय लावून कुऱ्हाड उपसली आणि पुन्हा वर उचलली. तोवर आत्याचा हात मागं आला होता. मी काडतूस दिलं. सुपारीचा अडकित्ता खाली पडल्याचा आवाज आणि बाराचा आवाज माझ्या आठवणीत एकत्रच आहेत, पण तसं असू शकत नाही.

आत्यानं बार वर काढला, आभाळात. माळ्यापासून तो पंचवीस-तीस पावलांवर असेल. नितेश जागच्या जागी गोठला. आमच्याकडे बघून त्यानं तोंड उघडलं, आणि कुऱ्हाड त्याच्या हातातून सुटली. ती बांधावर पडून एकदा उसळली, मला लख्ख दिसलं. त्यानं रिकामे हात थोडे वर केले, मग पाठ फिरवली आणि नाल्याकडे निघाला. चिखलात पाय रुतत होते, त्याला नीट पळता येत नव्हतं.

खरं म्हणजे इथं सगळं थांबलं होतं. आत्याच्या लेखी तर थांबलंच होतं. तिनं सवयीनं बंदुकीचा सांधा उघडला, रिकामं काडतूस काढून टाकलं आणि ती माळ्यावरून उतरायला वळली. तिनं हात मागं केला नव्हता. मी तिचा तळहात धरला आणि त्यावर दुसरं काडतूस ठेवलं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. “जाऊन राह्यला थो,” ती म्हणाली.

“उद्या येईल,” मी म्हणाले. मला वाटतं ओठ हलले तेवढेच, आवाज फुटला की नाही कोण जाणे. “मार.”

माझ्या डोळ्यांत तिनं काय पाहिलं ते मला ठाऊक नाही. आम्ही त्यावर नंतर कधी बोललो नाही. तिनं काडतूस भरलं, गुडघा टेकला, नळी खाली घेतली आणि त्याच्या पायांवर बार काढला. तो चिखलात बसला, अगदी सावकाश, कुणीतरी बस म्हटल्यासारखा. मला त्या क्षणी खूप बरं वाटलं. एखाद्या कोंदट खोलीची खिडकी उघडावी तसं. हे लिहून ठेवणं मला आवश्यक वाटतं.

मग गाव आलं. दोन बार लागोपाठ झाले होते, म्हणजे वाघ. डबे बडवत, काठ्या आपटत, “कुठी गेला, कुठी गेला?” करत पंचवीस-तीस माणसं शेतात घुसली. चिखलात बसून कण्हणारा नितेश आणि भाऱ्याखालची करुणा, दोघांनाही वाघानंच धरलं अशी त्यांची पक्की समजूत झाली. आत्या ओरडून सांगत होती, पण डब्यांच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? आमच्या शेतावर कामाला येणारा मारोती जेवता जेवता उठून आला होता, हातात काही नव्हतं. बांधावर त्याला कुऱ्हाड पडलेली दिसली. त्यानं ती उचलली, खांद्यावर टाकली आणि वाघ शोधायला सरळ नाल्यापलीकडे गेला. पोलीस आले, माणसं गेली, दिवस मावळायला आला, तेव्हा तो परतला, घामाघूम, कुऱ्हाडीला बाभळीच्या काटक्या चिकटलेल्या, आणि पोलिसांनाच विचारू लागला, “साहेब, पाऊल काई दिसत नाई, मंग वाघ गेला कोन्या बाजूनं?” गावात आजही हे सांगून लोक पोट धरून हसतात. “मारोतीनं वाघ सोडून दिला,” म्हणतात. मी हसत नाही. त्या कुऱ्हाडीनं पुढं काय केलं हे मला माहीत आहे. ती कुठं पडली होती, करुणाजवळ की दूर, कधी पडली, कुणी टाकली, यातलं काहीच आता कुणी सांगू शकत नव्हतं. पाहणारी फक्त मी होते आणि आत्या.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत करुणाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हाताला आत्याच्या लुगड्याचा फाडलेला पदर गुंडाळलेला. रस्त्यात तिनं डोळे उघडून विचारलं, “आशू, बोटं पायली का वं? कडपात पडली असतीन.” बायांनी शोधलं होतं. एक सापडलं. ओल्या फडक्यात बांधून त्यांनी ते मला दिलं होतं आणि ते फडकं माझ्या मुठीत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी ते उघडून पाहिलं, पुन्हा बांधलं आणि मान हलवली. नितेशला त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर ठेवलं होतं. त्याच्या पोटरीतून छर्रे काढले, सात-आठ. हाड शाबूत होतं. नर्स मला धीर द्यायला म्हणाली, “दोघंही सुखरूप आहेत.” दोघंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या ठाण्यात होते. आत्याला आदल्या संध्याकाळीच तिथं आणलं होतं, बंदुकीसकट. व्हरांड्यातल्या बाकावर ती भिंतीला टेकून बसली होती, केस नीट विंचरलेले. पहिल्या गाडीनं बाबा आले. त्यांच्या मागोमाग देवाजीभाऊ आले, पांढरा सदरा, डोळे तांबारलेले. रात्रभर झोपले नसावेत. ते बाबांशेजारी बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. मी बाकाच्या टोकाला होते. नेहमीप्रमाणे ते मला विसरले.

“हे पाहा, घरातली गोष्ट घरात राहू द्या,” देवाजीभाऊ म्हणाले. “पोट्ट्याचं डोस्कं फिरलं होतं, मी मान्य करतो. पन आता दोघंबी मरतीन. बाईचं लायसन पिकासाठी हाये, मानसासाठी नाई. वकिलाले विचारून आलो मी. बाईनं डुकरावर बार काढला, अंधूक दिसलं, छर्रे पोट्ट्याले लागले. अन् पोरीले कापता कापता विळा लागला. दर सुगीत कोनाले ना कोनाले लागतेच का नाई? मंग ना तुमची केस, ना आमची.”

बाबा आत्याकडे वळले. “बाई, ऐकून तर घे.”

“ऐकलं,” आत्या म्हणाली. “डुक्कर म्हनून लिवायचं?” ती देवाजीभाऊंकडे पाहून हसली. “माह्यी हरकत नाई, भाऊ. पन पयले त्याच्या मायले विचारून या, लेकराले डुक्कर म्हनलेलं चालंल का.”

देवाजीभाऊंचा चेहरा पडला. ते उठून बाहेर गेले आणि चपला न घालताच फाटकाजवळ उभे राहिले. बाबांनी मग मला बाजूला घेतलं. वकिलानं त्यांनाही फोनवर सगळं समजावलं होतं, आणि ते आता मला समजावत होते. पहिल्या बाराचा प्रश्नच नाही, तो आभाळात होता. सगळा खेळ दुसऱ्या बाराचा. तेव्हा त्याच्या हातात कुऱ्हाड असेल, तर बाईनं पोरीचा जीव वाचवला. कुऱ्हाड टाकून तो जात असेल, तर बाईनं पाठमोऱ्या माणसाला गोळी घातली, मग तिला वर्षानुवर्षं आत राहावं लागेल. “बाईनं काल लिहून दिलंय, दोन बार काढले, एक वर, एक पायावर. कुऱ्हाडीचं विचारलं तर म्हणते, मी काही सांगत नाही. खोटं ती बोलणार नाही, तुला माहीत आहे ती. आशू, तू काय पाहिलंस ते मी विचारत नाही. तू डुकराचं सांग. त्यात कुणाचंच नुकसान नाही.”

कुणाचंच नाही. मी आत्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या पालीकडे बघत होती. तिनं मला काहीही सांगितलं नव्हतं. ना डोळ्यांनी, ना हातानं. सकाळपासून तिनं मला एकच गोष्ट विचारली होती, करुणानं भात खाल्ला का. दुसरं काडतूस कुणी दिलं हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हती. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ती ते संध्याकाळी म्हणायची आणि दिवसा पाळायची, एवढी साधी गोष्ट होती तिची. मी ते म्हणत असे पाठ आहे म्हणून.

आत टेबलामागे एक तरुण अधिकारी बाई होत्या. शांत, थकलेल्या, नियमानं वागणाऱ्या. त्यांनी मला पाणी दिलं, मराठी लिहिलेलं वाचता येतं ना, हे विचारलं. येतं, मी मान हलवली. बाबा माझ्यामागं उभे राहिले. नाव, वय, पत्ता. भारा कुणी उचलला होता, नितेश कुठून आला, पहिला वार कुठं बसला. मी मान हलवत होते, हो-नाही म्हणत होते, त्या लिहीत होत्या. डुकराचा विषय त्यांनी काढला नाही. तो मीच काढायचा होता, आणि बाबांचा श्वास मला माझ्या मानेवर जाणवत होता. खिडकीतून फाटक दिसत होतं. देवाजीभाऊ अजून तिथंच होते, आणि आता ते फोनवर कुणाशी तरी बोलताना हात हलवत होते, मधेच हसतही होते. ते कशाला हसले कोण जाणे. कदाचित पलीकडून कुणी सांगितलं असेल की पोट्टा चहा प्यायला, ठीक आहे, चार दिवसांत घरी येईल. माझ्या मुठीत काल रस्ताभर धरलेल्या फडक्याचा ओलावा अजून होता, किंवा मला तसं वाटत होतं.

बाईंनी पेन थांबवलं. “आता नीट आठवून सांग,” त्या म्हणाल्या. “आत्यांनी दुसरा बार काढला, त्या वेळी त्याच्या हातात कुऱ्हाड होती का?”

बांधावर पडून एकदा उसळलेलं पातं मला दिसलं. वर केलेले रिकामे हात दिसले. चिखलात रुतणारे पाय दिसले. सगळं इतकं स्वच्छ की मी त्याचं चित्र काढून देऊ शकले असते. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो हलकेच बाजूला केला.

मी काहीतरी म्हणाले असावे, कारण बाई पुढं झुकल्या. “ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोल.”

“होती,” मी म्हणाले. व्हरांड्यात आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “दोन्ही हातांत होती, करुणाच्या डोक्यावर उचललेली. मी माळ्यावरून पाहिली. डुक्कर नव्हतं, विळा नव्हता, नितेश होता आणि कुऱ्हाड होती. आत्यानं पायावर मारलं. बंदूक माझ्या हातात असती तर मी छातीवर मारलं असतं. हेही लिहा.”